घरी केलेले चिनी सूप: आपापले अनुभव

ताप उतरल्यावर किंवा थकून घरी आल्यावर ज्या घरगुती चिनी सूपने आपल्याला खरोखर बरे वाटले, त्याचा अनुभव प्रमाणासह लिहावा, ही विनंती. दाट मन्चावबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; मंद आचेवरच्या, निवळ रश्श्याच्या सूपबद्दल फारसे नाही, म्हणून सुरुवात मी करते.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला होतो. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी कोहळ्याचे सूप आणून दिले, तेव्हा सांडगे आणि पेठा यांपलीकडे मला कोहळा ठाऊक नव्हता. कँटनी, म्हणजे त्या भागातल्या, घरांतही पदार्थ उष्ण की थंड हे पाहिले जाते, आणि कोहळा तिथेही थंडच मानतात. सूपसाठी आजी अर्धा किलो डुकराच्या बरगड्या घेत. आम्ही कोंबडीचे हाडांसकट तुकडे घेतो. ते गार पाण्यात घालून उकळी आणायची, फेसासह ते पाणी ओतून देऊन तुकडे धुवायचे आणि मग 2 लिटर नव्या पाण्यात आल्याच्या 4 चकत्यांसह दीड तास अगदी मंद आचेवर ठेवायचे. शेवटच्या पाऊण तासात 1 किलो कोहळ्याच्या मोठ्या फोडी सालासकट घालाव्यात, म्हणजे गर पारदर्शक होतो, पण विरघळत नाही. मीठ सर्वांत शेवटी. पहिले पाणी ओतून देणे माझ्या जिवावर येई. एकदा तेच ठेवले, तर सगळा रस्सा गढूळ झाला.

मालवणहून
ताई, आपल्या रीतीने सूप केले आणि त्यात 10-12 सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, त्या पाण्यासह घातले. वाळवलेली कोलंबी कँटनी स्वयंपाकातही कोहळ्याबरोबर घालतात, हे बोटीवरच्या एका चिनी सहकाऱ्याने मला पूर्वी सांगितले होते. सोड्यांचा खारटपणा रश्श्यात उतरतो, म्हणून चाखल्याशिवाय मीठ घालू नये.

पुण्याहून
आमचे घर शाकाहारी. आईच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या तोंडाला चवच राहिली नव्हती आणि मुगाचे कढणही ती परत पाठवत असे. मी 6 वाळवलेल्या शिताके अळंब्या रात्रभर गार पाण्यात भिजवल्या, तळाचा गाळ सोडून ते तपकिरी पाणी रस्सा म्हणून वापरले, आणि त्यात आले, चिरलेल्या अळंब्या व सोललेल्या कोहळ्याचे पातळ काप 15 मिनिटे शिजवून शेवटी टोफू घातला. वरून चिमूटभर पांढरी मिरपूड घातली. आईने दुसरी वाटी मागून घेतली. त्या आठवड्यात तिने स्वतःहून मागितलेले ते पहिलेच अन्न होते.

नागपूरहून
आंबट-तिखट सूपबद्दल एवढेच सांगतो की व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड आच बंद केल्यावरच घालावी, कारण उकळत ठेवल्यास दोहोंचा वास उडून जातो.

शांघायहून
वसतिगृहात एकच शेगडी असल्यामुळे मी टोमॅटो-अंड्याचे सूप करतो. 2 टोमॅटो तेलात मऊ होईपर्यंत परतून 3 वाट्या पाणी, मीठ आणि किंचित साखर घालतो. सुरुवातीला मी खळखळत्या उकळीत अंडे ओतून ढवळत असे, त्यामुळे त्याचा चुरा होई. आता आच कमी करून फेटलेले अंडे बारीक धारेने सोडतो आणि काही क्षण चमचा लावत नाही. मग त्याच्या रेशमी पट्ट्या वर येतात. शेवटी घालायचे तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असावे; घाण्याच्या कच्च्या तेलाला तो वास नसतो.