लांबचा प्रवास आणि रोजची कामं, दोन्हीला एकच बाईक : किनाऱ्यावरच्यांचे अनुभव हवेत

मंडळी, मी गुहागरचा. बारा वर्षांची १५० सीसी आता थकलीय. वर्षातून दोनदा कोल्हापूर किंवा गोकर्ण करतो. एरवी दळण, मासळी आणि आईला दवाखान्यात नेणं. दोन गाड्या परवडत नाहीत. शोरूमच्या चकरेत खारी हवा कळत नाही, म्हणून वापरलेल्यांनीच लिहा.

दापोलीहून
माझ्याकडे सहा वर्षं जड ३५० होती. हायवेला सुखच. पण एका श्रावणात दाभोळच्या फेरीबोटीत चढवताना ओल्या उतारावर पाय सटकला आणि गाडी पोटरीवर आली. खलाशांनी उचलली. तेव्हापासून मी आधी वजन विचारतो. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० आणि हिमालयन ४५० दोन्ही १९५ किलोंच्या आसपास, हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६० च्या आसपास. मी हलकी घेतली. घाटात ट्रकमागे थोडं थांबावं लागतं, ते चालतं मला. फक्त एक्सपल्सची सीट ८२५ मिमीवर आहे. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या आईंना चढता येतं का, ते त्यांना शोरूमला नेऊनच बघा. हे कुणी सांगत नाही.

रत्नागिरीहून
वजनाचं मला तितकंसं पटत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. क्रूझर प्रकारातली ३५० चालवते, सीट ७६५ मिमी. वजन १९० च्या वर, तरी दोन्ही पाय पूर्ण टेकतात, म्हणून भाजी मंडईच्या गर्दीतही धीर असतो. आंबा घाटातून कोल्हापूर कितीदा केलं. मात्र पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात उभं राहता येत नाही, सगळा दणका कमरेत जातो. महामार्गाचं काम चालू असताना फार सोसलं.

मालवणहून
समुद्र घरापासून दोनशे मीटरवर. पहिल्याच पावसाळ्यात नटबोल्ट आणि स्पोक तांबूस झाले. आता किनाऱ्यावरून आलो की इंजिन गार झाल्यावर गोड्या पाण्याने धुतो, चेनला दर ५०० किमीला तेल, पावसात त्याहून लवकर. अलॉय आणि ट्यूबलेस घ्या असं मी आग्रहाने सांगेन. ट्यूबवाल्या स्पोकच्या चाकाला विजयदुर्गच्या वाटेवर रविवारी दुपारी पंक्चर झालं, चार तास गेले. गाडी घेताना बाबा एवढंच म्हणाले होते, “पाणंदीत वळाक व्हयी.” म्हणजे घराकडच्या अरुंद वाटेत गाडी वळली पाहिजे. मापून बघितलं, मगच बुक केली.

श्रीवर्धनहून
टाकी बघा. सागरी मार्गाने रात्री पंप शोधणं नको वाटतं. १५ लिटरच्या आत मी घेणार नाही.

पुन्हा गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. आमची पाखाडी, म्हणजे घराकडची वाट, काल मोजली, वळणावर जेमतेम सहा फूट. शनिवारी आईला घेऊन चिपळूणला जातोय. तिला सांगितलंय, नऊवारीच नेस.