मदत हवी आहे: रेशीम शेडमधला तापमान लॉगर मध्येच −१२७ दाखवतो

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमचं तुतीचं रान आणि रेशीम शेड आहे. अळ्यांना २४ ते २८ अंश लागतं. पत्रे तापले की एका दुपारीत बॅच हातची जाते. म्हणून आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), तीन डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि एसडी कार्ड जोडून तापमान नोंदवत राहणारा लॉगर बनवला.

टेबलावर दोन दिवस चोख चालला. शेडमध्ये तिन्ही सेन्सरना वेगवेगळी १५ मीटर वायर टाकली, तर कूलर सुरू होताच −१२७ नोंद येते (म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटला), कधी ८५. ८५ म्हणजे सेन्सरची वीज तुटून तो रीसेट होतोय, असं वाटतं. कारण सेन्सरला मोजायला लागणारे ७५० मिलिसेकंद मी वाचण्याआधी थांबतोच. पुल-अप (डेटा वायर आणि वीजपुरवठा यांच्यामधला रेझिस्टर) ४.७ किलोओहम आहे. तो २.२ करू, की एकाच वायरवर तिन्ही ओळीने जोडू? कुणी लांब वायरवर चालवलंय का? अंडीपुंज (रेशीमकिड्यांची अंडी) यायला आठच दिवस आहेत.