एनपीएम रनला --हेल्प दिलं की मदत भलत्याचीच येते

मृण्मयी
नमस्कार मंडळी. आमच्या प्रकल्पात ‘अहवाल’ नावाची नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) स्क्रिप्ट आहे, पॅकेज.जेसन या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये नोंदवलेली. ती आम्ही एनपीएम या नोडच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या ‘रन’ कमांडने चालवतो. नव्याने रुजू होणाऱ्यांना विचारत बसावं लागू नये म्हणून तिचा --हेल्पचा (कशी वापरायची हे सांगणारा) मजकूर मी मन लावून लिहिलाय. पण ‘एनपीएम रन अहवाल --हेल्प’ दिलं की स्क्रिप्ट चालतच नाही, एनपीएम स्वतःच्याच रन कमांडची माहिती दाखवतो. ‘नोड अहवाल.जेएस --हेल्प’ दिलं तर माझा मजकूर व्यवस्थित येतो.

आणखी एक. ‘एनपीएम रन अहवाल --महिना मार्च’ दिल्यावर स्क्रिप्ट चालवण्याआधी एनपीएम जी कमांड दाखवतो त्या ‘>’ च्या ओळीत ‘नोड अहवाल.जेएस मार्च’ एवढंच उमटतं. --महिना जातो कुठे?

प्रसाद_के
दोन्हीचं कारण एकच. डॅश लागलेलं जे काही दिसेल ते एनपीएम आधी आपलंच समजतो. --हेल्प त्याच्या ओळखीचा, म्हणून लगेच उत्तर देतो. --महिना अनोळखी, तरी आपलं कॉन्फिग (सेटिंग) म्हणून ठेवून घेतो. ‘मार्च’ला डॅश नाही, म्हणून तेवढाच पुढे जातो. हे जास्त घातक, कारण स्क्रिप्ट चुकीच्या इनपुटवर मुकाट चालते. एनपीएमच्या ११व्या मालिकेत निदान इशारा तरी येतो.

मधे सुटं ‘--’ टाका, म्हणजे त्यापुढचं सगळं स्क्रिप्टकडे जातं:
एनपीएम रन अहवाल -- --हेल्प

ही सोय २०१४ च्या २.० आवृत्तीपासून आहे. पॅकेजमधली कमांड चालवणाऱ्या ‘एनपीएम एक्झेक’लाही हेच लागू. तेच काम करणाऱ्या एनपीएक्सचं मात्र वेगळं: पॅकेजच्या नावानंतरचं सगळं तो त्या पॅकेजकडेच सोपवतो.

गौरी
एनपीएमऐवजी पीएनपीएम हा दुसरा पॅकेज व्यवस्थापक वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. ७व्या आवृत्तीपासून तिथे स्क्रिप्टच्या नावानंतरचं सगळं पुढे जातं, ते ‘--’सुद्धा. मग तुमच्या स्क्रिप्टला पहिलं आर्ग्युमेंट ‘--’च मिळतं. तिथे सरळ ‘पीएनपीएम रन अहवाल --हेल्प’ द्या.

प्रसाद_के
बरोबर. आणि विंडोजवर पॉवरशेल (कमांड द्यायचा शेल) असेल तर तो कधीकधी ‘--’ स्वतःच गिळतो. तेव्हा ते अवतरणात घाला: '--'

मृण्मयी
चाललं, दोघांचे मनापासून आभार! आमच्याकडे निम्मे जण विंडोजवर आहेत, त्यामुळे ‘--’ लक्षात ठेवायची सक्ती कुणावर नको. पॅकेज.जेसनमध्ये ‘अहवाल:मदत’ ही वेगळी स्क्रिप्ट टाकली, --हेल्प तिच्यातच लिहून. आता नुसतं ‘एनपीएम रन’ दिलं की यादीत तीही दिसते.