पुन्हा: सीमाभागातल्या शाळांचा डेटा क्लाउडवर नेण्याबाबत

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

बेळगाव-खानापूरकडच्या ज्या शिक्षण संस्थेला आपलं मंडळ परदेशातून हातभार लावतं, तिच्या शाळांचे निकाल, हजेरी आणि पटसंख्या क्लाउडवर न्यायचा प्रस्ताव आलाय. सध्या प्रत्येक मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या एक्सेल फाइली आहेत. वर्षअखेरीस त्या संस्थेच्या कचेरीत गोळा होतात आणि आपल्याकडे अहवाल येईस्तोवर दिवाळी उजाडते. सभासदांना घरबसल्या डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर, दिसावा अशी काहींची इच्छा आहे. खर्चाचा अंदाज मिळाला तर कार्यकारिणीपुढे ठेवतो. आयटीवाल्यांनी जरा मनावर घ्यावं.

– सचिव

प्रेषक: टिळकवाडीचा डेटावाला

सचिवसाहेब,

खर्चाचं आधी उरकतो, कारण तो विषयच फार छोटा आहे. धरून चाला की पाच हजार मुलं, सहा विषय, वर्षाला पाच परीक्षा आणि दहा वर्षं. झाल्या पंधरा लाख ओळी. एका ओळीला शंभर बाइट धरले तरी 150 एमबी. गूगलच्या बिगक्वेरी या क्लाउडवरच्या डेटा-कोठारात महिन्याला 10 जीबी साठवण आणि एक टेराबाइटपर्यंतच्या क्वेरी, म्हणजे माहितीची शोधाशोध, फुकट असतात. वरचे तक्ते काढायला लुकर स्टुडिओ, तोही फुकट. सर्व्हर मुंबईचा निवडायचा, म्हणजे मुलांची माहिती देशाबाहेर पडायला नको. तेव्हा क्लाउडच्या बिलाची चिंता करू नका. कुणी लाखांचं कोटेशन पाठवलं तर ते आधी मला दाखवा.

खरा खर्च आहे तो साफसफाईचा, आणि तो माणसांच्या वेळात मोजायचा. संस्थेकडून नमुन्याच्या काही फाइली मागवून बघितल्या. जुन्या फाइलींत नावं श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेली आहेत, कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अक्षरांची नुसती खिचडी. कन्नड रकाने जुन्या नुडी फॉन्टात, त्यांचीही तीच गत. हे सगळं आधी युनिकोडमध्ये आणावं लागेल, आणि रूपांतर करणारा प्रोग्राम जोडाक्षरांत हमखास गोंधळ घालतो, म्हणून कुणीतरी डोळ्यांखालून घालायला हवं.

पुढची अडचण नावं जुळवण्याची. शाळेच्या रजिस्टरात मुलगा ‘ज्ञानेश्वर’. आपण मराठी माणसं इंग्रजीत त्याचं नाव डी-एन-वायने सुरू करतो. सरकारी नोंदीत ते कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं असलं तर जे-एनने सुरू होतं. कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन मुलं. त्यात आडनाव पाटील, आणि आपल्याकडे एकेका वर्गात पाटलांचा काय सुकाळ असतो ते मी सांगायला नको. म्हणून नावावर काहीच जुळवायचं नाही. कर्नाटकच्या सॅट्स या सरकारी विद्यार्थी-नोंद प्रणालीत प्रत्येक मुलाला नंबर असतो, नोंदी जुळवायला तीच किल्ली धरायची.

दहावीचं एक लक्षात ठेवा. 2024 पासून कर्नाटकात एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात आणि चांगले गुण धरले जातात. म्हणजे ‘एक मूल, एक निकाल’ असा तक्ता केला तर पहिल्याच वर्षी फसेल. प्रत्येक प्रयत्नाची वेगळी ओळ ठेवू. उत्तीर्ण होण्याची अट पण सूत्रात कोंबायची नाही, वर्षाप्रमाणे वेगळ्या तक्त्यात ठेवायची.

एवढं झालं की निकाल, हजेरी आणि गळती, तिन्ही आकडे दर महिन्याला आपोआप निघतील. काम मी करायला तयार आहे.

प्रेषक: निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर तालुका

चि. डेटावाले,

तुमचं पत्र नातवाकडून मोठ्या अक्षरात काढून घेऊन वाचलं. काम चांगलंच आहे, करूया की. पण दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पहिली म्हणजे शिक्षकांना आणखी एका ठिकाणी भरायला लावू नका. सॅट्समध्ये भरा, केंद्राच्या यूडायस प्लसमध्ये भरा, त्यात सीआरपींचा, म्हणजे शाळांच्या गटावरच्या सरकारी साधन-व्यक्तींचा, फोन की अमुक माहिती संध्याकाळपर्यंत पाठवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, रेंज तर डोंगरावर चढून शोधायची. अशा ठिकाणी शिक्षक वर्गात असावा की मोबाइल वर धरून अंगणात? जे भरलेलं आहे त्यातूनच काय ते घ्या.

दुसरी गोष्ट गळतीची. या आकड्यावर मी नोकरीत असताना पुष्कळ बोलणी खाल्ली. तुमचं यंत्र म्हणेल, सातवीत मूल होतं, आठवीत नाही, म्हणजे गळालं. अहो, ते मूल चंदगडला मामाकडे असतं! आपल्याकडे सोयरिकी सगळ्या हद्दीच्या दोन्ही बाजूला. आई बेळगुंदीची, आजोळ चंदगड तालुक्यात. बापाला कोल्हापूरकडे काम लागलं की अख्खं बिऱ्हाड तिकडे. मूल तिथल्या शाळेत रोज जातंय आणि इकडे कागदावर मात्र शाळाबाह्य. उलटंही असतं. तिकडून आलेलं मूल आपल्या पटावर एकदम नवं दिसतं, त्याचे आधीचे गुण कुठे आहेत कुणाला पत्ता नाही. काही मुलं गावातल्याच इंग्रजी माध्यमाला जातात, तो प्रकार आणखी वेगळा. आणि जी खरंच सुटतात, विशेषतः आठवीनंतरच्या मुली, ती या गर्दीत दिसतच नाहीत. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या क्लाउडमधून एवढं एक निघालं तरी पुष्कळ झालं.

– आपला, सर

प्रेषक: खजिनदार

मंडळी, डॅशबोर्डच्या उत्साहात एक गोष्ट विसरू नका. आपलं मंडळ इथे नोंदवलेली संस्था आहे, म्हणजे भारताच्या एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत. इथलं नागरिकत्व घेतलेले आपण सगळे पण तसेच. तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर आपल्याला पैसे पाठवता येत नाहीत. नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीपासून रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात जावी लागते, आणि एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीकडे वळवायची वाटही तेव्हाच बंद झाली. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी यात येत नाही. लॅपटॉप पाठवू म्हणणाऱ्यांनीही थांबावं, वस्तूंनाही हा कायदा लागतो. मी तिकडच्या सीएंना विचारून सांगेपर्यंत कुणी कार्ड काढू नये.

प्रेषक: टिळकवाडीचा डेटावाला

सर, नमस्कार. राग कसला, तुमच्या पत्रानंतर आराखडाच बदलला.

सॅट्सचा नंबर कर्नाटकापुरता. शिनोळीची हद्द ओलांडली की त्याचा उपयोग संपतो, तिकडे महाराष्ट्राची सरल प्रणाली. पण यूडायस प्लस देशभराचं आहे. 2022-23 पासून तिथे मुलागणिक नोंद होते आणि प्रत्येकाला पेन नावाचा कायमचा नंबर मिळतो. मूल चंदगडला गेलं तरी पेन तोच राहतो. म्हणून प्रत्येक ओळीत सॅट्स आणि पेन दोन्ही ठेवतो. शाळा सोडलेल्यांचा वेगळा तक्ता करू: दाखला नेला का, कुठल्या गावासाठी नेला, तिथे नाव लागल्याचं कळलं का. यातला शेवटचा रकाना कॉम्प्युटर भरणार नाही, कुणीतरी फोन करून विचारायलाच हवं. पण यादी पटावरच्या सगळ्यांची नसून ज्यांचा पत्ता लागत नाही अशा मोजक्या मुलांची असेल, आणि ती मुख्याध्यापकांच्या हाती जूनमध्येच पडेल.

शिक्षकांनी नवीन काही भरायचं नाही, कबूल. कचेरीतल्या क्लार्कने महिन्यातून एकदा शाळांच्या लॉगिनमधल्या याद्या उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायच्या. रेंज नसेल तर पेनड्राइव्ह बसने येऊ दे, चार दिवसांनी काही बिघडत नाही.

सचिवसाहेब, सभासदांच्या डॅशबोर्डबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मुलांची नावं आपल्याला दिसता कामा नयेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि त्याची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळांना त्यांच्या कामापुरती काही सूट आहे, पण परदेशातल्या देणगीदारांची उत्सुकता त्यात बसेल असं मला वाटत नाही. नुसती नावं झाकूनही भागत नाही. खानापूरकडच्या वर्गात मुळात आठ-नऊ मुलं. त्यात ‘नववी, मुलगी, अमुक जात, नापास’ असं गाळत गेलं की एकच उरते, आणि गावात ती कोण हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून दहापेक्षा कमी मुलांचा कुठलाही गट आपल्याला दिसणार नाही. मुख्याध्यापकांना फक्त आपली शाळा, संस्थेला सगळ्या, आपल्याला बेरजा.

आणि खातं माझ्या नावावर उघडायचं नाही. संस्थेच्या डोमेनवर, संस्थेचेच दोन प्रशासक, त्यातला एक कचेरीत रोज बसणारा. दर महिन्याला सगळ्याची साधी सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्रामात उघडणारी) प्रत कचेरीच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. उद्या मी नोकरी बदलली किंवा आपलं एकमेकांत वाजलं, तरी शाळांचं काही अडायला नको.

सुरुवात तीन शाळांपासून करू: एक शहरातली, एक जांबोटीकडची, एक चंदगडच्या वाटेवरची. कुठल्या, ते सरांनी सांगावं.

प्रेषक: निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर तालुका

शाळांची नावं संस्थेला कळवतो, इथे नकोत. क्लार्क हुशार आहे, पण जूनभर प्रवेशाच्या गडबडीत असतो. जुलैत सुरू करा. फोन करून विचारायची यादी माझ्याकडे द्या. तिकडच्या निम्म्या गावांत माझे विद्यार्थी आहेत.