अनुभव धागा: भारताची फुटबॉल टीम, जुने सामने आणि त्यामागचा तपशील

गंगापूररोडकर

तो फॉरवर्ड मेसेज परत फिरतोय. 'भारत १९५० च्या वर्ल्डकपला पात्र ठरला, पण फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेला नाही.' तो वाचला आणि पीके, चुनी, बलराम, थंगराज ही जुन्या खेळाडूंची रेडिओवरची नावं एकदम डोक्यात घुमायला लागली. पुढच्या महिन्यात आपल्याकडच्या पोरांसाठी प्रश्नमंजुषा ठरते आहे, त्यात हे चुकीचं उत्तर जायला नको. म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते टाका, ऐकीव नको.

सुरुवात मी करतो. आपल्या पात्रता गटात ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया होते. तिघांनीही माघार घेतली, म्हणजे एकही सामना न खेळता आपण पात्र झालो. गट मिळाला तिसरा: स्वीडन, इटली, पॅराग्वे. प्रवासाचा बराचसा खर्च उचलायची यजमान ब्राझीलची तयारी होती. आपल्या फुटबॉल फेडरेशनने कारण दिलं ते सरावाला वेळ कमी आणि संघनिवडीवरचे मतभेद. खरी गोष्ट अशी की त्या काळात आपल्याकडे ऑलिम्पिक म्हणजे सर्वस्व होतं, वर्ल्डकपला तेवढी किंमत नव्हती. अनवाणी पायांचं कारण खरं नव्हे, हे त्या काळचे खेळाडू शैलेन मन्नांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे. आपण न गेल्याने तो गट तीनच संघांचा झाला, त्यात स्वीडन पहिलं आलं आणि शेवटी स्पर्धेत तिसरं.

बॅकपास

बरं झालं धागा काढलात. यात मिनिटांचा मुद्दा जोडा, तो कोणी सांगत नाही. आपल्याकडे देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असायचे आणि हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. बाहेर मात्र ९०. शेवटच्या २० मिनिटांची सवयच नाही, मग पाय उचलणार कसे?

लंडन ऑलिम्पिक १९४८, फ्रान्सविरुद्ध १-२ हरलो. त्यांचा विजयी गोल ८९ व्या मिनिटाला. आपला गोल सारंगपाणी रामनचा. आणि दोन पेनल्टी वाया गेल्या, एक मन्नांची, एक महाबीर प्रसादची. दोनपैकी एक जरी आत गेली असती तरी सामना जादा वेळेत गेला असता. कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ, नागालँडचे. बरेच जण अनवाणी, घोट्याला बँडेज गुंडाळून.

हेलसिंकी १९५२ मात्र वेगळं. युगोस्लाव्हियाकडून १-१०. थंडी, ओलं गवत, समोर स्टडवाले, म्हणजे तळाला टोकं असलेले बूट. अनवाणी पाय कोरड्या, कडक जमिनीवर चेंडूला छान चिकटतो, पण ओल्या गवतावर वळताना पकडच मिळत नाही. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले. म्हणजे अनवाणीचा किस्सा खरा आहे, फक्त तो १९५० ला चिकटवू नका.

सिडको_सेक्टर

बॅकपास दादा, बुटांचा विषय निघालाच आहे तर विचारते. मुलाला आत्ता अकादमीत घातलंय, दुकानदार लांब स्टडचे देतोय. मैदान आपलं नेहमीचं, मुरूम. घ्यावेत का?

देवळाली_कॅम्प

नका घेऊ ताई. लांब स्टड गवतासाठी असतात. मुरमावर ते आत रुततच नाहीत, सगळा भार चार-सहा टोकांवर येतो आणि टाच, गुडघे दुखायला लागतात. टर्फचे घ्या, खाली खूप सारे बारके रबरी स्टड असतात ते. काळ्या मातीचं मैदान असेल तर उन्हाळ्यात तेच, पावसाळ्यात चिखल झाल्यावर लांब स्टड. धातूच्या टोकाचे या वयात अजिबात नकोत. आणि एक नंबर मोठा घेऊन 'वर्षभर पुरतील' असं करू नका, पाय आत सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

सिडको_सेक्टर

धन्यवाद दादा. कुकर झालाय, बाकी धागा रात्री वाचते.

नेव्हिलप्रेमी

मेलबर्न १९५६. चौथा क्रमांक सगळे सांगतात, कसा आला ते सांगत नाहीत. पहिल्या फेरीत समोर हंगेरी होती, त्यांच्या देशात उठाव झाला आणि ते आलेच नाहीत, आपल्याला पुढे चाल. उपउपांत्य फेरीत यजमान ऑस्ट्रेलिया ४-२. त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिम्पिकमधली आशियाई खेळाडूची पहिली. चौथा गोल कृष्णस्वामी 'किट्टू'चा. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपलाच, तोही नेव्हिलचा, पण नंतर १-४. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. म्हणजे एकूण सामने तीन, विजय एक. नेव्हिलचे चार गोल, स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक. तो मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचा. महाराष्ट्रातल्या मुलांना हे नाव माहीत नसावं, याचं फार वाईट वाटतं. मंजुषेत एक प्रश्न नेव्हिलवर हवाच.

गंगापूररोडकर

घेतला. पहिलाच प्रश्न.

लेफ्टहाफ_नाशिकरोड

१९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा मी लिहितो, सविस्तर, कारण तो सामना उलगडून सांगण्यासारखा आहे.

गटात पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, ०-२ हार. मग थायलंड ४-१, जपान २-०. थायलंडच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. जपानविरुद्ध तो बाहेर. आता प्रशिक्षक रहीम साहेबांपुढे पेच असा की हा माणूस संघात हवा, पण सेंटर बॅकला सतत हेडर घ्यावे लागतात, टाके उसवणार. त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला घातला. कॉलेजात तो पुढे खेळलेला होता म्हणतात, पण त्या पातळीवर असा बदल करायला छाती लागते. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम ३-२: चुनी गोस्वामीचे दोन, जर्नेलचा एक.

फायनल ४ सप्टेंबरला, समोर परत तोच कोरिया. गोलमध्ये बदल, प्रद्युत बर्मनच्या जागी पीटर थंगराज. तो तापातून उठलेला, पण उंच होता आणि कोरियाचे उंच चेंडू अडवायला तेच हवं होतं. १७ व्या मिनिटाला पीके बॅनर्जी, २० व्या मिनिटाला जर्नेल. तीन मिनिटांत सामना फिरला. कोरियाचा गोल आला तो थेट ८५ व्या मिनिटाला. मैदानात लाखाच्या घरात लोक आणि जवळजवळ सगळे आपल्याविरुद्ध. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला बोलावलं नव्हतं, त्यावर आपले क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, तो राग खेळाडूंवर निघाला.

रहीम साहेब आजारी होते, फुफ्फुसाचा कॅन्सर. जून १९६३ मध्ये गेले. आशियाई सुवर्ण दोन, १९५१ आणि १९६२, दोन्ही त्यांचीच. १९५१ ला दिल्लीत इराणविरुद्ध १-०, गोल साहू मेवालालचा.

त्र्यंबकचा_पाऊस

अंगावर काटा आला. डोक्याला टाके आणि फायनलमध्ये गोल. 🙏

सातपूर_शिफ्ट

लेफ्टहाफ काका, रहीम साहेबांची मांडणी पण लिहा ना. ४-२-४ ची.

लेफ्टहाफ_नाशिकरोड

थोडक्यात. आधी आपल्याकडे २-३-५ खेळायचे, मागे दोनच बॅक. समोरच्याने तीन फॉरवर्ड नीट पसरवले की दोघांपैकी एकाला कायम दोन माणसं धरावी लागतात. हेलसिंकीत हेच उघडं पडलं. रहीम साहेबांनी हंगेरीचा खेळ बारकाईने पाहिला आणि टप्प्याटप्प्याने मागे चार, मध्ये दोन असं आणलं. धोका एकच: मधल्या दोघांवर प्रचंड धाव पडते, म्हणून तिथे दमदार माणूसच लागतो. आजही शाळेच्या संघाला ४-२-४ लावली की ६० व्या मिनिटाला मध्य रिकामा दिसतो. ड्युटीला निघालो, बाकी उद्या.

पंचवटी_एक्सप्रेस

१९६४ चा आशियाई चषक राहिला. स्पर्धा इस्रायलमध्ये, चारच संघ, साखळी. कोरियाला २-०, हाँगकाँगला ३-१, इस्रायलकडून ०-२, उपविजेते. इथेही पात्रतेत बाकीचे संघ माघारी गेले होते. १९७० च्या आशियाई स्पर्धेत बँकॉकला जपानला १-० हरवून ब्राँझ. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं पदक नाही. २००२ पासून तिथे २३ वर्षांखालचे संघ जातात, हेही मंजुषेत लक्षात ठेवा.

क्रमवारी_वेडा

सगळे 'रँकिंग घसरलं' म्हणून ओरडतात, ते कसं काढतात कोणी बघत नाही. ऑगस्ट २०१८ पासूनची पद्धत सांगतो, वहीवर करून बघा.

प्रत्येक संघाचे गुण असतात. सामन्यानंतर त्यात मिळवायचे ते असे: सामन्याचं वजन गुणिले (निकाल वजा अपेक्षा). निकाल म्हणजे विजय १, बरोबरी ०.५, हार ०. शूटआउटमध्ये जिंकलात तर ०.७५, हरलात तर ०.५. वजन: फिफाने ठरवून दिलेल्या तारखांच्या खिडकीबाहेरचा मैत्रीपूर्ण सामना ५, खिडकीतला १०, वर्ल्डकप किंवा आशियाई चषकाची पात्रता २५, आशियाई चषकाची मुख्य स्पर्धा ३५, उपउपांत्य फेरीपासून ४०. अपेक्षा दोघांच्या गुणांतल्या फरकावरून: फरकाला ६०० ने भागा, १० चा तेवढा ऋण घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्याने भागा.

उदाहरण. समोरचा आपल्यापेक्षा १०० गुणांनी खाली, सामना पात्रतेचा. अपेक्षा येते ०.५९५. जिंकलो तर साधारण १०.१ गुण मिळतात. बरोबरी झाली तर २.४ जातात. हरलो तर १४.९ जातात. घरचं मैदान, बाहेरचं मैदान यात धरतच नाहीत, गोलफरकही नाही.

म्हणून आपलं दुखणं मोठ्या संघांकडून हरण्यात नाही. तिथे अपेक्षाच कमी, त्यामुळे गुण थोडेच जातात. खालच्या संघांशी बरोबरी आणि हार, तिथे रक्त जातं. मार्च २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, तोही कर्णधार सुनील छेत्रीचा १५० वा सामना. ऑक्टोबर २०२५ ला मडगावला सिंगापूरकडून १-२ आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारं बंद. सर्वोत्तम क्रमांक ९४, फेब्रुवारी १९९६ चा. सर्वात खाली १७३, मार्च २०१५. मात्र हे दोन्ही जुन्या सूत्रातले, आजच्याशी थेट तुलना करू नका.

सातपूर_शिफ्ट

हे सेव्ह केलं. आमच्या इथल्या मुलांना गणिताच्या तासाला देता येईल.

बॅकपास

क्रमवारी भाऊ, दोहा २०२४ पण टाकतो, कारण तिथे लोक अर्धंच सांगतात. ११ जून, वर्ल्डकप पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला कतारशी शेवटचा सामना. कतार आधीच पुढे गेलेलं, उरलेल्या एका जागेसाठी गुण असे: आपण ५, अफगाणिस्तान ५, कुवेत ४. ३७ व्या मिनिटाला छांगतेचा गोल, आपण पुढे. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना परत आत ओढून त्यांनी बरोबरी केली. त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) नव्हतं, त्यामुळे रेफ्रींचा निर्णय कायम. ८५ ला दुसरा, १-२.

आता गणित. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला १-० हरवलं, ते ७ वर. म्हणजे १-१ राहिलं असतं तरी आपण ६, बाहेरच. जिंकलो असतो तर ८ आणि तिसऱ्या फेरीत. अन्याय झाला, ठाम म्हणतो. पण पाच दिवस आधी कोलकात्यात कुवेतशी ०-० ऐवजी विजय मिळाला असता तर दोहाला जाताना ७ गुण असते आणि कुवेत ३ वर. मग कतारकडून हरूनही आपण पुढे गेलो असतो, कारण कुवेत ६ वरच थांबलं असतं. 😔

त्र्यंबकचा_पाऊस

छेत्रीचा निरोपाचा सामना तोच ना, कोलकात्याचा? त्या रात्री जेवण गेलं नाही कोणाला.

पंचवटी_एक्सप्रेस

हो, ६ जून. पुढे मार्च २०२५ ला तो परत आला आणि मालदीवविरुद्ध गोल केला.

पुढेमागे मुंबईत सामना आला तर नाशिककरांसाठी. अंधेरीच्या मैदानाला दादरपर्यंत जाऊन गर्दीत पश्चिम रेल्वे पकडायची गरज नाही. ठाण्याला उतरा, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, आझाद नगर स्टेशन. मैदान लगेच. नेरूळच्या डीवाय पाटीलला ठाण्याहूनच ट्रान्स-हार्बर लोकल थेट. परतीला पंचवटी एक्सप्रेस धरू नका, ती संध्याकाळीच सुटते. रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधी करून ठेवा. आणि जा हो सामन्याला. २०१८ ला अंधेरीत चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा प्रेक्षक २,५६९. मग छेत्रीने 'सामन्याला या' म्हणून व्हिडिओवर हात जोडले आणि पुढचा केनियाचा सामना, त्याचा १०० वा, भरगच्च.

कॉलेजरोड_विंगर

मुलींचा संघ कोणी लिहिलाच नाही अजून! १९७९ आणि १९८३, दोन्ही वेळा आशियाई चषकात उपविजेत्या. २०२२ ची स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई, पुणे. इराणशी ०-० झाली आणि संघात कोविड शिरला. नियम असा की किमान १३ खेळाडू उपलब्ध हवेत. तेवढ्या उरल्या नाहीत, चायनीज तैपेईविरुद्धचा सामना झालाच नाही, संघ स्पर्धेतून बाहेर आणि आधीचा निकालही रद्द. घरच्या मैदानावर. किती सोसलं असेल पोरींनी.

पण जुलै २०२५ ला चियांग माईला यजमान थायलंडला २-१ हरवून २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. या वेळी कोणाच्या माघारीने नाही, मैदानावर जिंकून.

सिडको_सेक्टर

आत्ता वाचलं सगळं. विंगर ताई, मुलींसाठी नाशिकमध्ये सराव कुठे चालतो माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना. धाकटीला पण जायचंय.

कॉलेजरोड_विंगर

करते. टर्फचेच बूट तिलाही.

गंगापूररोडकर

छेत्रीच्या गोलांचा प्रश्न घालतोय. ९५ धरायचे ना?

क्रमवारी_वेडा

९५ धरा, मालदीवच्या सामन्यानंतरचे. पहिला जून २००५ मध्ये क्वेट्याला, पाकिस्तानविरुद्ध. आशियाई स्पर्धेत २३ खालच्या संघाकडून केलेले यात येत नाहीत. काही पोरं ते मिळवून मोठा आकडा सांगतील, म्हणून प्रश्नातच 'वरिष्ठ संघासाठी' असं लिहा.