लंगड्याचा पार्ट कोणी करायचा?

रापण: यंदा शिमग्यात आमच्या वाडीतल्या पोरांनी विनोदी एकांकिका बसवली. त्यात एक पाय ओढत चालणारा पोस्टमन आहे. शेजारच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा हालचालींवर नीट ताबा नाही, पण पाठांतर असं की सगळ्यांचे संवाद तोंडपाठ. त्याने तो पार्ट मागितला. उत्तर मिळालं, "तू केलंस तर लोक हसणार नाहीत, कीव करतील." मग एका धडधाकट पोराला पाय ओढायला शिकवलं आणि ह्याला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं.

अमेरिकेतल्या मेसून झायदला सेरेब्रल पाल्सी आहे, अंग सतत थरथरतं, आणि ती स्टँडअप करते. लोक पोट धरून हसतात. कॉलेजात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचीच भूमिका तिला नाकारली, स्टंट जमणार नाहीत म्हणून. तिचा सवाल सरळ होता: मला जमत नसेल तर त्या पात्राला तरी कसं जमेल? माझं मत, असा पार्ट आधी तसं अपंगत्व असलेल्यालाच विचारावा.

तिरफळ: नाही पटलं. दशावतारात लुगडं नेसून पुरुषच द्रौपदी होतो. माझी आजी पदराने डोळे पुसायची, "बाई का नाही आणली" असं तिने कधी विचारलं नाही. आपण नाही ते होणं, यालाच नट म्हणतात. उद्या राजपार्टाला सावंतवाडीहून खरा राजा आणणार का?

रापण: बाईला तेव्हा रंगमंचावर चढूच देत नव्हते, ते विसरलात! झायदनेही दार उघडायची वाट बघितली नाही. २००३ मध्ये कॉमेडियन डीन ओबैदल्लाबरोबर न्यूयॉर्कात अरब-अमेरिकन कॉमेडी फेस्टिव्हल सुरू केला. 'जनरल हॉस्पिटल' मालिकेत काम करायचं तिचं जुनं स्वप्न होतं, ते मिळालं थेट २०१९ मध्ये. पॅलेस्टाइनमध्ये जाऊन ती अपंग निर्वासित मुलांसाठी काम करते ते वेगळंच.

घाटावरचा: मुळात अपंगत्वावर विनोदच नको. कोर्टानेही झापलंय.

रापण: नीट वाचा. जुलै २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अपंगांना हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळे धरलेत. विनोदावर सरसकट बंदी नाही.

कुबडीवालो: माका वाचून हसाक इला. मी कुबड्ये घेवन चलतंय. माका कीव नको नि पार्टाची भीक पण नको. आधी रंगमंचाक चढाची वाट बघा. आमच्याकडे जांभ्याचे सात टप्पे, कठडो नाय. दोघांनी काखेत धरून वर चढवल्यानी की लोक थयच टाळये मारतत. नाटक अजून सुरू पण होवक नाय! मगे मी इनोद कसलो करतलंय?

तिरफळ: बाबा, टप्प्यांचं शंभर टक्के मान्य. आमच्या मंडपातही तेच आहे, कधी लक्षात आलं नव्हतं. पार्टाचं मात्र अजून पटत नाही. रापण, तो पोस्टमन रंगला का शेवटी?

रापण: मधेच वाक्य विसरला. विंगेतून सांगितलं ते ह्यानेच, आणि पब्लिक त्यालाच हसलं.