मदत हवी आहे : फर्स्ट बेसवरच्या थ्रोला कॅचरने बॅकअप कधी द्यावा?

मी शाळकरी मुलींच्या संघाला फास्टपिच सॉफ्टबॉल शिकवतो. फर्स्ट बेसकडे थ्रो जात असताना कॅचरने (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू) तो चुकल्यास अडवायला, म्हणजे बॅकअपला, केव्हा धावावे आणि होम प्लेट (जिथे बॅटर उभी राहते आणि रनर परत पोहोचल्यावर धाव मिळते) केव्हा अजिबात सोडू नये, याबाबत लागोपाठ दोन सामन्यांत माझाच गोंधळ उडाला, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिल्या सामन्यात बेसवर कोणीही नव्हते. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसमधली खेळाडू) साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला चेंडू, उचलला, पण तिचा थ्रो फर्स्ट बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हवरून उडून थेट कुंपणापर्यंत गेला. आमची कॅचर मास्क हातात घेऊन प्लेटजवळ उभी होती आणि बॅटर आरामात तिसऱ्या बेसवर पोहोचली. त्यानंतर मी तिला बजावले, की ग्राउंडर दिसला की फर्स्टकडे धावायचे. पुढच्या सामन्यात सेकंड बेसवर रनर (आमच्या विरुद्ध संघाची बेसवर पोहोचलेली खेळाडू) असताना तिने ते तंतोतंत पाळले. थ्रो अचूक होता, बॅटर बादही झाली, पण तेवढ्यात ती रनर तिसरा बेस ओलांडून होमवर आली, कारण प्लेटवर आमचे कोणीच नव्हते. दोष मुलीचा नाही, माझ्या अर्धवट सूचनेचा आहे.

बेसमधले अंतर 60 फूट असल्याने पॅड बांधलेली कॅचर बॅटरच्या आधी फर्स्टला पोहोचणे अशक्य आहे. मग तिने नेमके कुठे जाऊन थांबावे? शिवाय राईट फील्डर (फर्स्ट बेसमागच्या बाह्य मैदानातली खेळाडू) बॅकअपला येतच असेल, तर कॅचरची गरज काय? रनर केवळ फर्स्टवर असेल, तेव्हा काय करावे?

प्रतिसाद :

बेस रिकामे असतील तर कॅचरने जावे आणि सेकंड किंवा थर्डवर रनर असेल तर, दोन खेळाडू बाद असले तरीही, प्लेट सोडू नये, एवढे पक्के धरा. आपण सूचना चेंडूवरून दिलीत. ती रनर कुठे आहे यावरून द्यायला हवी.

तिला बेसपर्यंत जायचेच नाही. तिने फाउल रेषेपासून दहा-पंधरा फूट बाहेरून, रेषेला समांतर धावावे, म्हणजे बॅटरच्या वाटेत ती येणार नाही आणि अडथळ्याचा निर्णय ओढवणार नाही. सेकंड बेसवुमनचा चुकलेला थ्रो फर्स्ट ओलांडून फाउल भागात होमच्याच अंगाला येतो, त्यामुळे तो कॅचरच्या पुढ्यात पडतो. थर्ड बेसवरून सुटलेला चेंडू मात्र राईट फील्डच्या कोपऱ्याकडे पळतो. तो राईट फील्डरचा. म्हणून दोघी लागतात. खेळाच्या हद्दीची रेषा जवळ असेल, तर कॅचरने आणखी घाई करावी, कारण चेंडू तिच्याबाहेर गेला की रनरला, थ्रो सुटला त्या क्षणापासून मोजून, दोन बेस बहाल होतात आणि मग धावण्याला अर्थ उरत नाही.

रनर केवळ फर्स्टवर असताना मी कॅचरला प्लेटवरच ठेवतो. पिचरला (चेंडू टाकणारी खेळाडू) होम सांभाळण्याची सवय पक्की लागली असेल तरच कॅचरला सोडावे, आणि त्या वयात ती सवय क्वचितच लागलेली असते. बंट, म्हणजे बॅटने हलकेच टेकवून जवळच पाडलेला चेंडू, कॅचरनेच उचलून फर्स्टला फेकला, तर बॅकअपची जबाबदारी अर्थातच राईट फील्डरकडे जाते. चेंडू बंट होताच राईट फील्डर पुढे निघते की नाही, हे सरावात एकदा पाहून घ्या.